वातीजवळचा खळगा

प्रिय टकळी,

पत्र बघून दचकू नकोस. हातपाय धड आहेत, काम आहे, वेळेवर जेवतोय. फोन असताना हे काय नवीन खूळ, असं आई विचारेल. तिला सांग, फोनवर ह्याची वाचा बसते. खरं तर दोघांचीही बसते. मी म्हणतो, बरी आहेस ना, तू म्हणतेस हं. मी म्हणतो, आईचा गुडघा कसा आहे, तू म्हणतेस हं. लग्न झालं तेव्हा जिच्या तोंडाची टकळी थांबावी म्हणून मी कानात बोटं घालायचो, तिच्या एवढ्याशा ‘हं’साठी आता आठवडाभर वाट बघतो. माझं अक्षर तुला माहीत आहे, शाईतून मुंग्या चालत गेल्यासारखं. सावकाश वाच.

इथं थंडी पडलीय. निघताना तू पिशवीत टाकलेली केसांच्या तेलाची बाटली मी अजून भरून भरून वापरतो. सकाळी तेलाचा नुसता पांढरा दगड झालेला असतो. खोलीतले दोघं म्हणतात, गरम पाण्यात बुडव ना लेका. मी काखेत धरतो आणि चहा उकळेपर्यंत तसाच बसतो. तू बसायचीस तशी. आपल्याला एकत्र हिवाळा तो एकच मिळाला. काखेत बाटली, अंगात माझा स्वेटर आणि तोंड चालू. शेजारणीचे नखरे, नळाचं गढूळ पाणी, माझ्या पायाला लागलेली भिंगरी. तेल वितळून जायचं, तरी तुझं संपायचं नाही. अहो, ऐकताय ना, असं मधेमधे विचारायचीस. मी ऐकत नसायचो, पण हो म्हणायचो.

भिंगरीचं तू बोललीस ते खोटं नव्हतं. पहिल्यांदा बर्फाच्या कारखान्यात लागलो. पत्र्याचे उंच डबे, त्यात पाणी. पाणी गोठताना फुगतं, म्हणून डबा काठापर्यंत भरायचा नाही, नाहीतर वर कुबड येतं. मला वाटलं, जगात सगळंच असं, घट्ट झालं की वाढतं. तिथं कंटाळलो तसा कपडे धुण्याच्या कारखान्यात गेलो, वाफेच्या इस्त्रीवर. तिथला मिस्त्री म्हणाला, पांढरं दिसतं त्याला घाबरू नकोस, ते गार झालेले थेंब. नळीच्या तोंडाशी जिथं काहीच दिसत नाही, तिथं हात नेऊ नकोस, खरी वाफ तीच. मी नेलाच. मनगटावर डाग आहे, तुला सांगितलं नव्हतं. तेव्हा बरेच दिवस फोन केला नाही, तुला वाटलं मी मजेत आहे.

आता मेणबत्त्यांच्या कारखान्यात आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मावशी मेण ओततात. चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला, हात जराही कापत नाही. मी पहिल्या दिवशी साचे काठोकाठ भरले आणि खूश होऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं बघतो तर प्रत्येकीच्या मध्ये, वातीजवळ, बोट जाईल एवढा खळगा. मला वाटलं साचाच गळतोय, मी खाली वाकून बघायला लागलो. मावशी हसून हसून बेजार. म्हणाल्या, बाबा रे, मेण पाण्यासारखं नसतं. ते थिजताना खचतं, आणि खचतं ते मधेच. बाहेरून गुळगुळीत दिसतं, आत पोकळ. म्हणून दुसऱ्यांदा ओतावं लागतं. कढत ओतलंस तर खालचं बसलेलंही ढवळून निघतं. उशीर केलास तर जोडच धरत नाही. बोट लावून बघायचं. दबलं पाहिजे, पण चिकटता कामा नये.

मागच्या महिन्यात मी म्हणालो, सुट्टी काढून पंधरा दिवस येतो. तेव्हा किती दिवसांनी तू एक सबंध वाक्य बोललीस. म्हणालीस, येऊ नका. तुम्ही येता, सगळं ढवळता आणि निघून जाता, मग मला पुन्हा पहिल्यापासून घडी बसवावी लागते. आता कुठं बसलीय. तू रडली असतीस, भांडली असतीस तर मला कळलं असतं काय करायचं. पण आवाज सपाट होता, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसा. मी फोन धरून उभाच.

दुसऱ्या दिवशी टेबलाशीही तसाच उभा होतो. मेणावर दुसऱ्यांदा ओतायची वेळ टळून गेली, मला पत्ताच नाही. मग घाईघाईनं ओतलं. वरून झकास दिसत होतं. साच्यातून काढल्यावर मावशींनी एक बत्ती टेबलावर टकटक केली, वरचा थर टोपीसारखा निघून पडला. सगळ्यांचं तसंच. काय रे, म्हणाल्या, कुठं होतास, सासुरवाडीला? मेण काय तुझी वाट बघत कोमट राहणार होतं? सगळे हसले, मीही हसलो. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो. खराब बत्त्या पुन्हा कढईत गेल्या. मेणाचं तेवढं बरं आहे.

म्हणून हे पत्र. मी मुकादमाला सांगितलंय, महिनाअखेरीस काम सोडतो. तो म्हणाला, आता कुठल्या कारखान्यात? मी म्हटलं, घरी. त्याला पटलं नाही, तुलाही पटणार नाही. आई म्हणाली, चौकातल्या बेकरीत भट्टीवर माणूस हवाय. मालकाशी मी फोनवर बोललोय, तो हो म्हणालाय. पंधरा दिवसांसाठी येत नाहीये गं, राहायला येतोय. पण तू नको म्हणालीस, तर तुझी बसलेली घडी मी मोडणार नाही. बोट लावून बघायचं ते तू, इतक्या लांबून माझा हात पोचत नाही. रविवारी फोन करीन. ‘या’ म्हणू नकोस हवं तर, तेवढं मोठं काही मागत नाही. नुसतं हं आलं, तर मी ओळखेन उशीर झाला. पण शिव्या द्यायला लागलीस, शेजारीण, नळ, माझी भिंगरी, सगळं एका दमात काढलंस, तर मी मधे एक शब्द बोलणार नाही. बाटली काखेत धरून सगळं ऐकेन. या वेळी खरंच ऐकेन.

तुझाच,
भिंगरी सोडवत बसलेला