डाव्या हाताचा व्यायाम

ती. क्वाबेनादादास,

धाकट्या याउचा (उजव्या हाताने, हे मुद्दाम लिहितो) नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सर्व क्षेम. फक्त माझी तारखांची वही माझ्याच हुकमाने कपाटात बंद आहे आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. शिकल्यासवरल्या माणसावर एवढा अन्याय आपल्या जिल्ह्यात तरी झालेला नसावा.

त्याचे असे झाले, रेडिओवर एक डॉक्टर म्हणाला की पन्नाशीनंतर मेंदू गंजतो, तेव्हा काही लिहून ठेवू नका आणि रोजची कामे डाव्या हाताने करा. तीन आठवडे मी डाव्या हाताने दात घासले, गुंड्या लावल्या, कोयता चालवला (अंगठा बरा आहे). जेवताना सतराचा पाढा उलटा म्हणू लागलो, तेव्हा अडवोआने ताट उचलून अंगणात ठेवले. म्हणाली, "कोंबड्यांना शिकवा." बायको नवऱ्याच्या प्रगतीवर जळते ती अशी.

मग शनिवारी ओपोकूचे मयत. काळ्या कपड्यांत ओळीने बसलेल्यांशी हात मिळवत निघालो, आणि गावच्या राणीमातेसमोर पुढे झाला तो डावा. मेहनत फळाला आली ती नेमकी तिथे. ढोल थांबले. म्हातारीने हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे. "धुवून तरी आलायस का रे?"

एक मेंढी दंड झाला. त्याचे काही नाही. पण आपला भाचा अग्येकुम सगळ्यांना ऐकू जाईल असा हळहळला, "मामा बिचारे. वय झालं." (मी छप्पन्नचा.) रविवारच्या बैठकीत पूर्वजांना दारू वाहून त्यांची नावे घेण्याचा माझा मान तो मागणार आहे. कुटुंबप्रमुख तू, निकाल तुझा. एकवीस वर्षे मी ती अकरा नावे एका दमात घेतो आहे. माझे डोके इतके तल्लख कधीच नव्हते, हे सर्वांना सांग.

तुझा,
याउ

ता. क. सातव्या नावाशी अडतो. हल्ली नव्हे, गेल्या सणापासून. तेव्हा खोकून वेळ मारून नेली. म्हणूनच तर रेडिओ ऐकत होतो. नाव चिठ्ठीवर लिहून पाठव. अडवोआला कळू देऊ नकोस.

आणखी एक. लहानपणी नावे म्हणताना मी अडलो की तू मागून पुटपुटायचास आणि बक्षिसाची बकऱ्याची जीभ मी एकटा खायचो. पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरजवळ गोगलगायींची टोपली दिली आहे, मोठ्या निवडून घेतल्या आहेत. वहिनीला आले-मिरची घालून करायला सांग. कुणाला वाटत बसू नकोस.