निर्मनुष्य घरातून

१४ मार्च, दुपार

चि. धाकट्यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? सूनबाईंचा खोकला गेला का? गरम पाणी पितात, की मला नुसतं ‘हो’ म्हणतात? नातीचा पुढचा दात आला का? मांजराचा कानही एव्हाना बरा झाला असेल. मी बरा आहे. ‘आहे’ हे मुद्दाम लिहितो, कारण छापील कागदावर मी नाही.

पर्यटन कार्यालयानं आपल्या जुन्या वस्तीचं माहितीपत्रक काढलंय. नकाशा सुरेख आहे. घड्याळाचा मनोरा आहे, कारंजं आहे आणि आपलं घरही आहे. खाली लिहिलंय, ‘वरच्या आणि खालच्या गल्लीला जोडणारे हे घर आता निर्मनुष्य आहे. आत शिरून आरपार जाता येते.’

परवा गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एक बाई खरंच शिरल्या. मी खुर्चीला वेत विणत बसलो होतो. “या,” म्हटलं, तर किंचाळल्याच.

“तुम्ही इथे राहता?”

“निदान सकाळपासून तरी आहे.”

मग हसल्या. मी स्टुलावरचा पाव त्यांच्या हातात दिला. “वर जाताय ना? हिरव्या दारात शिवणवाली बसलीय, तिला द्या.” गेल्या बिचाऱ्या. आपल्या घरातून रिकाम्या हातानं वर कोण गेलंय कधी? खालच्या गल्लीतल्यांनी सामान स्टुलावर ठेवायचं आणि वर जाणाऱ्यानं ते पोचवायचं. स्टूल तुझ्या आईनं ठेवलं, एवढं तरी तुला आठवत असेल.

काल कार्यालयातले साहेब आले. घराचं पर्यटक केंद्र करायचंय म्हणे. दहा ते पाच उघडं, मग कुलूप.

“आजोबा, मुलानं तुमच्या वतीनं संमती दिलीय. महिनाअखेर तुम्ही त्याच्याकडे जाणार, म्हणून तर आम्ही छापून टाकलं.”

मी म्हटलं, “त्यानं त्याची दिली असेल. माझी माझ्याकडेच आहे. घरही माझ्याच नावावर आहे.”

साहेब निघाले वरच्या दारानं. स्टुलावर दुधाची किटली होती. नेली मुकाट्यानं! वरून शिवणवालीचा आवाज आला, “अहो, सांडताय काय! घरी कधी काम केलंय का?” फार दिवसांनी मी पोट धरून हसलो.

आता तुझ्याशी. फोनवर तू घर सोडून तुझ्याकडे येण्याबद्दल विचारलंस तेव्हा मी ‘बघू’ म्हणालो. तू ‘हो’ धरलंस. अरे, लहानपणी तू सायकल मागितलीस तेव्हाही मी ‘बघू’च म्हणालो होतो. मिळाली का सायकल? आपल्या घरातल्या ‘बघू’चा अर्थ तुला चांगला ठाऊक आहे, लबाडा.

तुला कशाची धास्ती वाटते तेही मला कळतं. जिन्यात पडलो होतो. तुला ‘जरा पाय मुरगळला’ म्हणालो, ते काही खरं नव्हतं. उठताच येत नव्हतं. पण ऐक. मी हाक मारायच्या आत खालचा पाववाला आत आला, त्याच्यामागून दुरुस्तीची घड्याळं घेऊन घड्याळजी. दोघांनी उचललं. शिवणवालीनं गुडघे धरून खाली येऊन मला शिव्या दिल्या आणि पाय शेकला. तुझ्या घरी मी पडलो असतो, तर तुम्ही दोघं कामावर, नात शाळेत, दाराला कुलूप. मला उचललं असतं कुणी? मांजरानं?

तू मायेनंच केलंस, यात मला शंका नाही. पण जिवंत माणसाला विचारल्याशिवाय कागदावरून उठवायचं नसतं, बाळा.

आज सकाळी कार्यालयात जाऊन मी ‘नाही’ असं लिहून दिलं. ‘बघू’ नव्हे. साहेबांनी खुर्ची दिली. तिचा वेत सुटलाय, तो विणून देईन म्हटलं. पत्रक नवं छापतील न छापतील. तोवर मी खालच्या दारात बसून येणाऱ्या प्रत्येकाला ‘या’ म्हणणार.

माझ्यासाठी रंगवलेली खोली नातीला दे. तुला रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. खालच्या दारानं ये, आणि वर जाताना स्टुलाकडे बघ.

उत्तर लगेच धाड. पाकिटावर माझं नाव चांगलं ठळक लिही. इथे कोण राहतं, ते वाचणाऱ्याला लांबूनच दिसू दे.

इथेच असलेला,
तुझा बाबा