केरेनच्या डोंगरावर मैना मला घेऊन गेली

मी, सदू गोविंद ठोंबरे, वय अदमासे चाळीस, धंदा शेती, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता स्वहस्ते लिहून ठेवतो. माझी अक्कल शाबूत आहे. लहानपणी जेवढी होती तेवढीच आहे, घट नाही आणि भरही नाही. बुधवारी पोटातल्या गाठीचे ऑपरेशन करून घेण्यास मुंबईस जात आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. पलटणीतही असेच सांगत, म्हणून हा कागद करून ठेवत आहे.

१. वडिलोपार्जित जमीन थोरले बंधू आबाजी यांच्याकडे राहील. ती मला मृत्युपत्राने कोणाला देताच येत नाही, असे वकील म्हणाले. नाहीतर मोठ्या मनाने दिली असे लिहिणार होतो.

२. पळसदरीचे शेत, तिथले घर व बैलजोडी मी पलटणीच्या पगारातून घेतली. ही सर्व स्वकष्टार्जित मिळकत माझी पत्नी सुंदरा हिला पूर्ण मालकीने मिळावी व तिच्यामागे तिची मुलगी कोंडी हिला. यावर आबाजींची हरकत आहे. ते चारचौघांत म्हणाले, "बायको पाटाची, पोर दुसऱ्याची. ठोंबऱ्यांची जमीन पारठ्यांच्या पोरीला कशापायी?" उद्या कोर्टात हेच विचारले जाईल, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

सन १९४१ साली आफ्रिकेत केरेनची लढाई झाली. डोंगर आपल्या ठाकुरवाडीच्या घाटासारखाच, खालून रेल्वेही जाते. फक्त झाडे नाहीत आणि वरून इटलीवाले गोळ्या घालतात. तो घाट हातचा गेला आणि त्या मुलखातला त्यांचा सगळा खेळ आटोपला. या लढाईत माझ्याकडे बंदूक नव्हती, मैना नावाची खेचर होती. तिच्या पाठीवरून शिपायांना पाणी पोचवायचे, एवढेच माझे काम. एक गोळा जवळ फुटला आणि मैना बिथरून उधळली. खाली पळाली असती तर मीही सुखाने खाली पळालो असतो. ती वर पळाली. कासरा मनगटाला गुंडाळलेला, म्हणून मीही वर.

वरच्या ठाण्यात आमची माणसे पाण्यावाचून तडफडत होती. आम्ही तिथे पोचलो आणि मैना गोळी लागून पडली. खालापूरचा हिरामण पारठे छातीत गोळी लागून भिंतीला टेकला होता. मी त्याच्या तोंडाला पाणी लावले. पाणी पिऊन तो मला म्हणाला, "सदू, तू खेचर आणलीस का खेचरीनं तुला आणला रं?" आणि हसला. संध्याकाळी तो गेला. त्या पाण्यावर बाकीच्यांनी ठाणे राखले.

साहेब आले तेव्हा मी खरे तेच सांगितले. हवालदार म्हणाला, "गप रं. साहेबाला मराठी कळत नाय." साहेबाला त्याने काय सांगितले देव जाणे, मला शौर्याचा बिल्ला मिळाला.

लढाई संपल्यावर मी हिरामणच्या घरी खालापूरला गेलो. त्याची विधवा सुंदरा, तिला मी तेव्हा वहिनी म्हणत असे. ती म्हणाली, "भावोजी, कागदात लिवलंय, शौर्यानं गेले. त्ये काय मला कळत नाय. कसे गेले त्ये सांगा." मी सगळे सांगितले, मैना, कासरा आणि हिरामणचे ते बोलणेही. ती एकदम हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. "ह्ये त्येच बोललं असणार," ती म्हणाली, "दुसऱ्या कुनाला असं सुचायचं नाय."

पुढे दोन वर्षांनी आमचा पाट लागला. मागणी घालायला गेलो तेव्हा भाषण पाठ करून गेलो होतो. दारातच ते विसरलो आणि पाणी मागितले. कोंडी हिरामणची आहे, माझीही आहे. ती मला काका म्हणते. त्यात मला काही कमी वाटत नाही.

३. बिल्ला दहिवलीच्या शाळेस द्यावा. मास्तरांनी मुलांना मैनेचे नाव आधी सांगावे.

४. पलटणीचा गरम कोट आबाजींना द्यावा. मी आफ्रिकेत असताना त्यांनी घरातला माझा दुसरा कोट विचारल्याशिवाय झिजवला, तेव्हा हा तरी मी राजीखुशीने दिलेला असावा. आईच्या आजारपणात त्यांनी एकट्याने सगळे केले, हे मी विसरलेलो नाही. ते तोंडावर बोलायला मला आजवर जमले नाही.

५. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. केल्यास थोडक्यात करावे.

६. हा कागद साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. सुंदरा चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आता माझंबी एक लिवा. मानूस बरा होऊन आला तर ह्यो कागद मी चुलीत घालनार. आनि तुमी बरं होऊनच यायचं." तिचे म्हणणे मला मान्य आहे व कागद जाळण्याची परवानगी मी तिला देत आहे.

मुक्काम दहिवली, तारीख ११ जानेवारी १९४८

सही: सदू गोविंद ठोंबरे

साक्षीदार:
शब्बीर मोहियुद्दीन बुबेरे, दुकानदार, कर्जत (सही)
धाकलू राघो भोईर, शेतकरी, दहिवली (डाव्या हाताचा अंगठा)