न अडखळणारी लेक

१० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीवर मोठं संकट आलंय, म्हणून घाईने लिहिते. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या आईची लेक, त्यामुळे अक्षरं कळायला लागल्यापासून ठकूला मी माझ्याच तालमीत तयार केलं. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं चोख. पाहुण्यांपुढे ती पान वाचून दाखवते तेव्हा माझी मान कशी ताठ होते, ते तू पाहिलंच आहेस.

काल बाईंनी बोलावून सांगितलं की ठकू वाचते सुरेख, पण वाचलेलं तिला कळत नाही. गोष्टीतले आजोबा का रडले असं विचारलं, तर तिने तेच वाक्य पुन्हा खणखणीत म्हणून दाखवलं! महिनाभरात सुधारणा झाली नाही तर तिला खालच्या वर्गात बसवणार. बाकावरची मैत्रीण पुढे जाणार म्हणून पोर रडून रडून बेजार आहे. हे म्हणतात, आईवर गेली. तू लहान मुलांना शिकवण्यात जन्म घालवलास, काहीतरी सुचव.

तुझी,
धाकटी

१६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे. रागावू नकोस. आधी तो बातम्यांचा वेग सोड. छोटीशी गोष्ट घे, अर्ध्यावर पुस्तक मिट आणि पुढे काय होईल ते तिला ठरवू दे. चुकलं तर बिघडत नाही, दोघींनी उघडून बघा. वाचलेलं तिच्या शब्दांत सांगू दे, नाहीतर चित्र काढू दे. आणि उत्तर आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात विचारू नकोस, मुलांना ते लगेच समजतं. ठकूला माझे पापे.

तुझीच,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुरुवातीला नुसती फजिती. मी गोष्ट वाचून घेत होते की पुढाऱ्याची मुलाखत, कोण जाणे! ठकू उशीत तोंड खुपसून बसायची.

मग परवा मी घरी बातम्यांची तालीम करत होते. दुरुस्तीसाठी पूल बंद, एवढं वाचलं आणि ठकूने विचारलं, पलीकडची मुलं शाळेत कशी जाणार. मी रेटून पुढे निघाले तर तिने कागदावर हातच ठेवला. ताई, मला खरंच माहीत नव्हतं. ते वाक्य मी दिवसभर वाचत होते, पण त्या मुलांचा विचार मनाला शिवला नव्हता. मग आम्ही दोघींनी डोकं चालवलं. तिने होडी सुचवली, मग दोरी, आणि शेवटी सरसकट सुट्टी.

आता ती माझ्या बातम्या अडवते आणि मी तिच्या गोष्टी. हे कुरकुरतात की घरात एक वाक्य धड पूर्ण होत नाही. पुढच्या आठवड्यात बाई तिचं वाचन घेणार आहेत.

तुझी,
धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी वर्गाच्या दाराला कान लावून उभी राहू नकोस. राहशीलच, म्हणून आधीच रागावून ठेवते.

ताई

११ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राहिले उभी. गोष्टीतली मुलगी बाहुली घेऊन बागेत जाते, तिला झोपाळ्यावर बसवते, खेळते. मग अंधारून येतं, मुलगी पळत घरी येते आणि दोन्ही हातांनी दार ढकलते. इथे ठकू अडखळली. आमच्या धंद्यात अडखळणं म्हणजे पाप! तिने मागचं वाक्य परत वाचलं, पुन्हा थांबली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली की बाहुली झोपाळ्यावरच राहिली.

बाई बाहेर आल्या त्या हसतच. म्हणाल्या, पुस्तकात तसं लिहिलेलंच नाही, आणि वर्गातलं दुसरं कुणीही तिथे थांबलं नव्हतं. ठकू मैत्रिणीबरोबरच राहणार. ताई, मी भर व्हरांड्यात रडले.

ठकूला त्याचं काहीच नाही. बाहुली एकटी कशी राहील याचा तिला घोर लागलाय. पुस्तक मागून घरी आणलंय. पुढचं पान अजून उघडलेलं नाही. आधी ती काय म्हणते ते ऐकत बसलेय, कारण पुढचं मलाही माहीत नाही.

रागव हवी तितकी, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी