फियाटची लाल वायर

३ नोव्हेंबर, सोमवार
मी गाडी चालवायला घाबरत नाही. मैदानात शिकले, लायसन आहे. पण सासऱ्यांची जुनी फियाट मधेच बंद पडते. बाळाला घेऊन हायवेवर अडकायचं का? न चालवण्याचं तेवढंच कारण. आज आईला फोनवर सांगून टाकलं, रविवारी सार्थकच्या जावळाला मी स्वतः गाडी चालवत निफाडला येणार.

४ नोव्हेंबर
हे म्हणाले, दोष पॉइंटचा आहे, ठिणगी नीट पडत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी आणली. पॉइंट काढायचे, डबी बसवायची, लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. ह्यांना ओझरला कारखान्यात ओव्हरटाईम. म्हटलं, मी बसवते. सातवीपर्यंतच शिकले तरी प्लस-मायनस कळतं. मिक्सरची वायर मीच जोडली होती. धूर निघाला, पण मिक्सरच जुना होता.

५ नोव्हेंबर, दुपारी
सार्थक झोपल्यावर बसवली. हे व्हिडिओ कॉलवर. किल्ली फिरवली, एका झटक्यात चालू. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच बंद केली. पेट्रोल महाग आहे.

६ नोव्हेंबर
गाडी चालू होईना. लाल वायर निघालेली. आपोआप. सकाळी मी फक्त बघायला हात लावला होता. निफाडच्या बसचा टाईम विचारून ठेवला, सहज.

७ नोव्हेंबर
ह्यांनी वायर घट्ट बसवली. दुपारी परत निघाली. हल्ली मालच असला येतो.

८ नोव्हेंबर
सासूबाईंनी वायरीला टेप गुंडाळली. म्हणाल्या, "माल चांगला हाय गं. तुझाच हात लय चुळबुळ्या." काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
टेप निघतच नाही. बघत होते फक्त.

संध्याकाळी
ह्यांना रविवारीही ओव्हरटाईम. गाडी चालू झाली. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर सार्थक, पिशवीत नारळ. नाक्यापर्यंत फर्स्ट गिअरमध्ये गेले. म्हणजे चालवलीच. नाक्यावर निफाडची बस उभी होती. इंजिनाला आराम म्हणून फियाट कडेला लावली, सार्थकला उचललं आणि बसमध्ये चढले. सासूबाई नारळ घेऊन मागून पळत.

जावळ छान झालं. मामाच्या मांडीवर सार्थक रडला नाही. आईने विचारलं, गाडी कुठंय. पार्किंगला, म्हटलं.

आत्ता परत आलो. नाक्यावरचा वडेवाला लहानू म्हणाला, ताई, गाडी चालूच ठेवून गेलात. त्याने बंद केली नाही. ही फियाट एकदा बंद केली की परत चालू होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. वडे तळत राखण बसला बिचारा. पेट्रोल संपेपर्यंत चालू होती, मधे एकदासुद्धा बंद पडली नाही.

काय वायरिंग केलंय मी.