शनीचा उन्हाळा

महाल, नागपूर
१० नोव्हेंबर २०२५

चि. गार्गी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. थंडी पडू लागली, बाजारात संत्री आली. गुडघा तेवढा कुरकुरतो.

मागच्या आठवड्यात इथे सदर भागातल्या कॉलेजात तुझं व्याख्यान झालं. पुण्याहून आलीस नि परत गेलीस, मला कळवलं नाहीस. कशी कळवशील? पेपरात वाचून मीच आलो होतो. तोंडाला रुमाल बांधून शेवटच्या रांगेत चोरासारखा बसलो. शनीवर एकेक ऋतू सात-आठ वर्षं चालतो, हिवाळ्यात त्याची उत्तरेकडची हवा निळसर दिसते, उन्हाळ्यात सोनेरी धुकं चढतं, आणि २०१७ला सुरू झालेला तिथला उन्हाळा यंदा संपला, हे सगळं मला समजलं. तू इतकं सोपं करून सांगतेस हे माहीतच नव्हतं. कधी ऐकायला बसलोच नाही.

मग एका बाईंनी विचारलं, "मॅडम, साडेसातीचं काय?" तू घोटभर पाणी प्यालीस आणि पुढचं चित्र लावलंस. मी उठून बाहेर आलो.

तुझी साडेसातीही २०१७ला लागली, यंदा सुटली. तुझ्या नावानं शनिवार धरायला तुझ्या आईला मीच लावलं होतं, तिला मधुमेह असताना. तीन वर्षांपूर्वी त्याच उपासात ती भोवळ येऊन पडली नि गेली. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांत मी म्हणालो, "पोरीची साडेसाती सुमतीले भोवली." तू पिशवी उचलून निघून गेलीस.

आता खरं सांगतो. ती जाण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, उपास बंद करा. मी ते घरी सांगितलं नाही. तुझी नोकरी पक्की होत नव्हती, एक शनिवार चुकला तर तुझं बिघडेल अशी भीती वाटायची. ती बिचारी म्हणायची, "चक्कर येऊन राहिली हो, सोडू का शनिवार?" मी म्हणायचो, "आता काहून सोडतेस वं? पोरीसाठी धर."

शनीनं काही केलं नाही. तूही नाही. मी केलं.

रविवारी तिचं श्राद्ध आहे. तेराव्याला होती तीच मंडळी येतील. पानं वाढण्याआधी या पत्राची नक्कल मी सगळ्यांसमोर वाचणार आहे. त्यांच्याआधी तुला कळावं म्हणून आज टाकतो. माफी मागत नाही, ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला.

तुम्हा दोघींचा अपराधी,
बाबा