वजन उतरेपर्यंत

दि. ४ ऑक्टोबर

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा थकलेला आवाज ऐकला की मला पुढचं सुचत नाही, आणि तुलाही दोन वाक्यांत धाप लागते. तुझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा लिहायचो तशी पत्रंच बरी.

बातमी चांगली आहे. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त जुळतं, दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, आणि त्यातली एक तुला द्यायला डॉक्टरीणबाईंची काही हरकत नाही. हरकत आहे ती माझ्या पोटाला. एवढ्या वजनाच्या माणसाला टेबलावर घ्यायला त्या तयार नाहीत. जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा बोलावलंय. तोवर पंधरा किलो उतरले तर लगेच तारीख देणार. तुझं हृदय डायलिसिसला फार दिवस साथ देणार नाही, हेही त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुला ते माहीत आहे असं भाऊजी म्हणाले, म्हणून लिहितोय.

आता हसू नकोस. मी दिवसभर ट्रकांची वजनं करणारा माणूस. फळीखाली दगड लपवून कुणी माल आणला तर मला केबिनमध्ये बसल्या बसल्या कळतं. पण दवाखान्यातल्या एवढ्याशा काट्यावर पाय ठेवायचा म्हटल्यावर मी दोन पावलं मागे सरलो. नर्सने बूट काढायला सांगितले तेव्हा मी मोजेपण काढले.

मनावर घेतलंय बघ. साखर बंद, लोणी बंद, तळलेले बटाटे बंद. तेव्हा दूधगाडीच्या ड्रायव्हरबरोबर तू तो सायीच्या बिस्किटांचा डबा पाठवतेस, तो आता नको. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तेवढं वजन मात्र उतरवू नकोस.

तुझा,
बारक्या


दि. १९ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या भाऊजींना दाखवलं. मोजे काढल्याचं वाचून ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

माझं म्हणशील तर आठवड्यातून तीनदा त्या मशीनला टेकून बसायचं, आणि घरी आलं की आडवं व्हायचं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवलेलं असतं, तेवढंच प्यायचं. मीठ नाही, केळं नाही, टोमॅटो नाही. शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाई डोळे मिटून सूप पितात, मनातल्या मनात. आम्ही दोघी एकमेकींना जेवणाची वर्णनं सांगतो.

डबा पाठवलाय. रागावू नकोस. तो तुझ्यासाठी नाहीच, पोरींसाठी आहे. मला शिवणाच्या मशीनवर फार वेळ बसवत नाही, पण ओट्याशी खुर्ची घेऊन पीठ मळता येतं. ओव्हन उघडला की घरभर जो वास सुटतो, त्यावरच माझं भागतं. मला खाता येत नाही, निदान कुणीतरी खावं, एवढीच इच्छा. तू फक्त एक चाखून कशी झालीत ते कळव. एकाने काही तुझा डोंगर वाढत नाही.

वजन उतरलं की पँटी ढगळ होतील. कंबरेचं माप पाठव, नवी शिवून ठेवते. बायकोला सांग, तुझ्यावर फार ओरडू नको म्हणावं.

जीव सांभाळ, आणि माझी आठवण ठेव.

तुझी,
ताई


दि. २१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बिस्किटं एक नंबर झाली होती. एकच खाल्लं, बाकीची पोरींनी फस्त केली. त्यानंतरचे लोण्याचे केक आणि जॅमचे पावसुद्धा त्यांनीच संपवले. डबे धुऊन ड्रायव्हरकडे दिलेत.

वजन छान उतरतंय. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. रात्री फक्त सूप आणि उकडलेल्या भाज्या. बायको म्हणते की आता घोरणंही कमी झालंय. कंबरेचं माप या पत्राबरोबर दोऱ्याने मोजून पाठवतोय, त्याप्रमाणे बिनधास्त शीव.

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या, त्यामुळे ऑफिसात सारखं कुणाचं ना कुणाचं गोडधोड चालू असतं. हिशेबनीसबाईंनी परवा तीन थरांचा केक आणला. मी हात मागे बांधून उभा राहिलो. सगळ्यांनी कौतुक केलं, म्हणाले, बहिणीसाठी एवढं करणारा भाऊ बघितला नाही. मला कसंतरीच झालं.

तू काळजी करू नकोस. जानेवारीत तारीख मिळणार म्हणजे मिळणार.

आशीर्वाद असू द्यावा, तो कितीही खाल्ला तरी चालतो.

तुझा,
बारक्या


दि. ५ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. काल आम्ही दवाखान्यात गेलो होतो. निकाल भाऊजींना फोनवर कळवला, पण पुढचं मला तोंडाने सांगता आलं नसतं.

यांचं वजन उतरलं तर नाहीच, ऑक्टोबरपेक्षा वाढलंय. नर्सला वाटलं काटा बिघडला, तिने दुसरा आणवला. तोही तेच बोलला. मी शेजारी उभी होते, यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या की आता तारीख देता येणार नाही, एप्रिलमध्ये या, आणि तोवर ताईंची तब्येत टिकेल असं आपण धरून चालू.

तुम्ही शिवलेली पँट तिथे घालून जायची म्हणून हे महिनाभर सांगत होते. ती मांडीच्या वर चढेना. शेवटी जुनीच घातली, पोटाशी पिन लावून. ते माप यांनी खोटं पाठवलं होतं, हे आत्ता कळलं.

घरी तर हे सूपच पीत होते. मग वजन वाढलं कसं, या विचाराने माझं डोकं फिरलं. आज यांच्या कामाच्या वजनकाट्यावर जाऊन वॉचमनला विचारलं. त्याने केबिनमधलं अवजारांचं कपाट उघडून दाखवलं. आत तुमचे डबे होते. एक रिकामा आणि एक अर्धा. पोरींच्या तोंडाला यातलं एक बिस्किटही लागलेलं नाही, वन्सं. डबे परस्पर केबिनमध्ये येत होते, घरी मला पत्ताच नव्हता.

तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही मायेनेच पाठवता. पण यांना दिसलं की राहवत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हात जोडून सांगते, आता पाठवू नका. कालपासून हे काही खात नाहीत.

उलटसुलट लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
धाकटी भावजय


दि. ८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींनी तुला सांगितलं असेलच. तुला तोंड दाखवायची माझी लायकी नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळं खोटं लिहिलं. नवं भोक पट्ट्याला पाडलं होतं खरं, पण बाहेरच्या बाजूला, सैल करायला. हिशेबनीसबाईंच्या केकला सगळ्यांसमोर हात लावला नाही, आणि सगळे जेवायला गेल्यावर उरलेला अर्धा एकट्याने संपवला. सुरी सापडली नाही म्हणून पट्टीने कापला.

तुझा डबा आला की मी ठरवायचो, एकच. मग एखादा ट्रक काट्यावर यायचा, मी पावती फाडायचो, तो जाईपर्यंत दुसरं तोंडात असायचं. बाहीने चुरा पुसायचा, दार लावायचं. खाताना चव कळायचीही नाही, ताई. लहानपणी ताप आला की आई सायसाखर लावून पाव द्यायची, तसं काहीतरी मनात यायचं आणि तेवढ्यापुरती भीती जायची. डबा संपला की दुप्पट होऊन परत यायची.

हो, भीतीच. आजवर कुणाला बोललो नाही. ते टेबल, ते दिवे, पोट फाडणं. रात्र रात्र डोळ्यांसमोर येतं. आता मला असं वाटायला लागलंय की मी हावरट नाही, भित्रा आहे. वजन उतरू नये म्हणूनच मी खात होतो की काय. तू तिथे घोटभर पाण्याला तरसतेस आणि मी इथे तुझे दिवस खाऊन टाकले. कुठल्या तोंडाने माफी मागू?

तुझा म्हणायला लाज वाटते,
बारक्या


दि. १५ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव. उपाशीपोटी वाचायचं हे पत्र नाही.

तुझ्या बायकोला वाटतं की मी डबे मायेने पाठवले. तिला हे दाखव. मायेने पाठवायचे ते ऑक्टोबरपर्यंत. वजन उतरल्याशिवाय तुला टेबलावर घेणार नाहीत, हे तू लिहिलंस, त्यानंतरचा एकही डबा मायेचा नव्हता. पोरींसाठी म्हणून लिहिलं, पण ड्रायव्हरला मीच बजावलं होतं की डबा काट्यावरच द्यायचा, घरी नाही. तू केबिनमध्ये एकटा असतोस, हे माहीत होतं मला.

दोऱ्याचं माप बघूनच कळलं होतं की खोटं आहे. इतकी वर्षं तुझे कपडे शिवते आहे मी. तरी पँट शिवली, आणि त्याच दिवशी केकचा डबा भरला.

तुझ्या पोरी अजून शाळेत आहेत. तुला काही झालं तर त्यांच्यासमोर मी कशी उभी राहू? तुझी किडनी नको म्हटलं असतं तर भाऊजींनी, तू, सगळ्यांनी माझी समजूत घातली असती, आणि मी मऊ पडले असते. म्हणून वाटलं, डॉक्टरच नाही म्हणू देत. कुणावर बोट नको. तू माझ्या हातचं खाल्लंस आणि दोष मात्र तुझ्या एकट्याच्या माथी आला, तेव्हा मी दोन दिवस गप्प बसले. भावजयीचं पत्र उशीखाली ठेवून झोपले. मी एवढी नीच असेन असं मला वाटलं नव्हतं.

अजून एक आहे. नोव्हेंबरात तू वजन उतरतंय म्हणून लिहिलंस ना, ते खोटं आहे हे दोरा हातात घेईपर्यंत कळलं नव्हतं. आधी पत्र वाचलं होतं. तेवढ्या वेळात मला इतका आनंद झाला, बारक्या, की मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. तू चिरला जाणार आणि मला आनंद झाला. मग माझीच मला इतकी किळस आली की त्या दिवशी पिठात दुप्पट साय घातली.

आता डबे बंद. पोरींना जवळ घे.

तुझी,
ताई


दि. २० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तुझा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, त्यामुळे नीट जमला नाही, पण आला. माझ्यासाठी तूच ठरवलंस, भाऊजींशी नाही बोललीस, माझ्याशी नाही बोललीस. गुन्हेगारासारखं कपाटाआड खायला लावलंस. खाल्लं मीच, ते कबूल आहे. पण तू मला विचारायला हवं होतंस.

बायकोने पत्र वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. नंतर म्हणाली की तुम्ही दोघं भावंडं एकाच मातीची आहात, आणि मला जेवायला वाढलं. उकडलेलंच. आता दर रविवारी तिच्यासमोर काट्यावर उभा राहतो, मोजे घालून. पहिल्या रविवारी थोडं उतरलंय. फार नाही. भूक लागते, भीतीही वाटते. डॉक्टरीणबाईंना भीतीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनाच वाटते, न सांगणारे जास्त घाबरलेले असतात.

मी एप्रिलमध्ये जाणार आहे. पण त्याआधी मला एक हवंय. भाऊजींचं मत नको, माझ्या पोरींची काळजी नको, मी काय म्हणेन तेही नको. तुला माझी किडनी हवी आहे की नाही, एवढंच लिही. नको असेल तर नको लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
बारक्या


दि. २७ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

चार कागद फाडले. प्रत्येकावर आधी तुझ्या पोरी आल्या, मग भाऊजी आले, मग माझं वय आलं.

हवी आहे.

तुझी,
ताई